नव्या लिंपणाची भिंत

सरकारी घरकुलाच्या सर्व्हेला साहेब सोमवारी येणार, असा निरोप पाड्यावर आला तेव्हा मी भाकरी भाजत होते. भाकरी तव्यावर टाकून अंगणात पळाले, तिथे सगळे बघायला लागले तशी लाजून परत आत आले. भाकरी करपली.

पण बातमीच तशी होती. नवरा आधी तलासरीला एका बँकेत घरासाठी कर्ज विचारून आला होता. त्यांनी पगाराचा कागद मागितला. चिकूच्या वाडीत रोजावर जाणाऱ्याला पगाराचा कागद कोण देणार? जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन किती वर्षं झाली. म्हणजे पक्कं घर व्हायचं तर घरकुलातूनच, आणि घरकुल फक्त कच्च्या घरवाल्यांना.

आमचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपलेली. पावसाळ्यात मागची भिंत ओली होते, मग मुलांची अंथरुणं चुलीकडे ओढतो.

पाहुणा येणार म्हटलं की घर लिंपायचं, ही आमची रीत. साहेब तर मोठा पाहुणा. सासू आणि मी दोन दिवस लिंपत होतो. ओल्या तळव्याने घासून घासून भिंत अशी गुळगुळीत केली की हात घसरावा. वरून गेरू दिला. शेजारच्या जावेकडून दोन लाल खुर्च्या आणल्या, टेबलफॅनही आणला. मला तर घर बघूनच आनंद होत होता.

साहेब आले, अंगणात खुर्चीवर बसले, कोरा चहा प्यायले. फॅनचा वारा घेत त्यांनी मोबाईल काढला आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "भिंती तर सिमेंटच्या दिसतात. पक्क्यात टाकावं लागेल."

सासू खूश. पदर सावरून म्हणाली, "दिसणारच! दोन दिवस कंबर मोडली आमची."

पक्क्यात टाकलं म्हणजे घरकुल गेलंच. नवरा वाडीत कामाला गेलेला. सासूला ते कळलंच नव्हतं. बोलणार कोण? मी दाराआडून पुढे आले. खुर्च्या आणि फॅन जावेचे आहेत, भिंत मातीची आहे, असं कसंबसं सांगितलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, सगळेच असं सांगतात, आणि वर फोटो जातो, तुमचं बोलणं जात नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात कोयता होता. मी तो उचलला तसे साहेब खुर्चीवरून उठले. मी कोयत्याच्या मुठीने दाराशेजारी भिंतीला दोन ठोसे दिले. ढेपळं पडली. मग हातानेच माती ओढली. कारवीच्या काठ्या दिसायला लागल्या, आणि काठ्यांमधून आतली चूल.

"आता काढा फोटो," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

सासूने कपाळाला हात लावला. "कालची लिंपलेली भिंत! माहेरीपण अशीच घरं फोडायचीस का गो?"

साहेबांना हसू आलं. त्यांनी फोटो काढला. मी बाजूला व्हायचं विसरले, म्हणून मातीच्या हाताने मीपण त्यात आले. जाताना सांगून गेले, भोक बुजवू नका, वरचे कोणी परत बघायला येतील.

ते भोक तसंच राहिलं. सासूने त्यावर जुनं लुगडं टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "हे सुनेचं काम" म्हणून दाखवत राहिली.

आज ग्रामसभेत यादी वाचली. आमचं नाव आलं. मला बसवेना, उभंही राहवेना. शेताच्या बांधावरून मी जवळजवळ धावत घरी आले, तर सासू आधीच पोचलेली, अंगणात शेणमाती कालवत होती. लुगडं काढून ठेवलेलं.

मी म्हटलं, "आई, ही भिंत आता पाडायचीच आहे."

"पाडा ना," ती म्हणाली. "पण पाया खणायला माणसं येतील. पाहुण्यांना भोकाचं घर दाखवू?"

मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसले.