शेताचं आडनाव

परवा फिजोआ, ते पेरूसारखं हिरवं फळ, कापताना त्याचा तो गोड, उग्र वास आला आणि न्यू लिन उपनगरातलं आमचं भाड्याचं घर आठवलं. तेव्हा नुकतेच पुण्याहून या देशात आलो होतो. शेजारी एक म्हातारे नॉर्वेजियन गृहस्थ राहायचे, दर एप्रिलमध्ये कुंपणावरून पिशवीभर फिजोआ द्यायचे. त्यांचं आडनाव मी दुसरीकडे कुठेच ऐकलं नव्हतं. एकदा कुतूहलानं जाडजूड फोनबुक उघडलं, तर त्या आडनावाचं अजून एकच घर सापडलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीत. मी तस्सा कुंपणाशी गेलो. "अहो, तुमचे भाऊबंद सापडले!" ते हसले. "त्याला ओळखतो मी. पण आमचं रक्ताचं नातं नाही. आमच्याकडे आडनाव शेताचं. जो तिथे राहील त्याला ते लागायचं. माझे आजोबा मालक, त्याचे आजोबा गडी." "तरी भेटता?" "त्या शेताबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलणार?" मग मीही उत्साहानं सांगितलं, की माझ्या आडनावातही गावच आहे, शेवटचा 'कर' म्हणजे तिथला राहणारा. त्यांचे डोळे चमकले. "मग कसं आहे तुमचं गाव?" ते गाव मीच काय, माझ्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं. "नदी आहे," मी बेधडक म्हणालो, "आणि काठावर आंब्याची ढीगभर झाडं." त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना ती दिसलीच. परवा अर्धा फिजोआ तसाच ठेवून मी फोनवर नकाशा उघडला आणि पहिल्यांदाच ते गाव शोधलं. नदी नाही.