डबीवाल्यांचा सातवा नियम

ऑफिसात त्यांना सगळे डबीवाले म्हणत. खरं तर अकरा शाखांचे फोन चालू ठेवायची जबाबदारी त्यांची, पण हुद्द्याचं नाव मारुतीच्या शेपटाएवढं, म्हणून डबीच चिकटली.

कंपनीचे सगळे फोन मुख्य कार्यालयातल्या एका मोठ्या यंत्रावर चालत. ते यंत्र झोपलं की अकराच्या अकरा शाखा मुक्या. म्हणून डबीवाल्यांनी प्रत्येक शाखेत आणि मुख्य कार्यालयातही, झाडूच्या कपाटाशेजारी, वहीएवढी एक डबी बसवली होती. यंत्र गेलं की डबी आपणहून जागी होई. मग आतल्या आत बोलता येई आणि बाहेरची एकच लाइन उरे, ती काउंटरवर वाजे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांचा त्यांना भारी राग. दर तीन महिन्यांनी ते शाखेत जात, ऐन कामाच्या वेळी मुद्दाम तार उपटत आणि घड्याळाकडे बघत उभे राहत. शाखाप्रमुख कपाळाला हात लावत. डबी चाळीस सेकंदांत उठली की तार परत खोचून, रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहून, चहाही न घेता निघत.

त्या एकुलत्या एका लाइनसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने नियम लिहून प्रत्येक काउंटरवर चिकटवले होते. सातवा असा: या काळात कुणाचाही खासगी फोन आत जोडू नये, अपवाद नाही. ‘अपवाद नाही’ खाली दोन रेघा.

उन्हाळ्यात एकदा यंत्र पाच तास बंद पडलं. डबीवाले यंत्राच्या खोलीत होते, तिथे मोबाईलला रेंज नसते. घरी आईच्या छातीत दुखायला लागलं. बाबांनी आधी मोबाईल लावून पाहिला, मग ऑफिसचा पाठ असलेला नंबर. काउंटरवरच्या बाई तेव्हा नव्या होत्या. त्यांनी विचारलं, फोन खासगी आहे का? बाबा सरळमार्गी माणूस, हो म्हणाले. बाईंनी कागदावर बघून नम्रपणे सांगितलं की थोड्या वेळाने करा. बाबा अर्धा तास फोनजवळ बसून राहिले, मग शेजाऱ्यांना हाक मारली. आई गेली. डॉक्टर म्हणाले की अर्ध्या तासाने फरक पडला असता, कदाचित नसताही पडला.

इकडे त्याच संध्याकाळी साहेबांनी डबीवाल्यांची पाठ थोपटली. पाच तासांत एकही शाखा मुकी झाली नव्हती.

डबीवाल्यांना रडू आलं नाही. आठवडाभराने ते कामावर आले. काउंटरवरच्या बाई रडल्या, तेव्हा त्यांनीच त्यांना पाणी आणून दिलं आणि तुम्ही बरोबरच वागलात असं सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, एवढंच मनात आलं आणि तेही वर्तमानपत्रात वाचल्यासारखं. लग्न राहूनच गेलेलं, त्यामुळे घरात आता दोघंच. जेवताना बाबा ताट पुढे सरकवत, हे भाजी वाढत. बाबा एकदा तरी रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी तो विषयच काढला नाही, आणि डबीवाल्यांनीही तो कागद फाडला नाही. फाडावासाही वाटला नाही. काहीच वाटत नव्हतं. तारा उपटायचं काम मात्र वेळच्या वेळी चालू होतं.

पाच महिन्यांनी, भर दुपारी, यंत्र पुन्हा बसलं. डबीवाले खोलीत जाऊन एकेका शाखेची डबी उठली का ते बघत होते. नववी बघून झाली, तोच दार उघडलं. काउंटरवरच्या बाई जिने उतरून धापा टाकत आल्या होत्या.

“तुमच्या बाबांचा फोन आहे. मी ठेवू दिलेला नाही,” त्या म्हणाल्या.

डबीवाले वर गेले. पाय नेहमीच्याच वेगाने पडत होते. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

“अरे, खासगी आहे रे. चालेल ना?” बाबांनी विचारलं.

डबीवाल्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “बोला,” ते म्हणाले.

बाबांचं काम एवढंसंच होतं. कुकरची शिट्टी सापडत नव्हती. आई ती दुसऱ्या खणात, चमच्यांच्या मागे ठेवायची, हे डबीवाल्यांनी सांगितलं. खण उघडल्याचा आवाज आला. सापडली म्हणाले.

“मग ठेवतो. तिकडे लोक खोळंबले असतील.”

“ठेवू नका,” डबीवाले म्हणाले. “कुकर लावा. मी आहे फोनवर.”

बाबांनी रिसीव्हर ओट्यावर ठेवला. पाण्याचा नळ, झाकण, काडी ओढल्याचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. काउंटरसमोर साहेब येऊन उभे राहिले. त्यांनी आधी घड्याळ दाखवलं, मग नियमांचा कागद. डबीवाल्यांनी कागदाकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं, दोन्ही रेघा पट्टीने मारलेल्या. ते साहेबांकडे पाठ करून भिंतीकडे वळले. तिसरी शिट्टी झाली, बाबांनी गॅस बंद केला आणि फोनवर येऊन, झालं, असं सांगितलं. तेव्हाच डबीवाल्यांनी रिसीव्हर ठेवला.

मग त्यांनी रजिस्टर उघडून नेहमीच्या वळणदार अक्षरात नोंद केली: बाहेरची लाइन अडकून, एकोणीस मिनिटं. कारण, खासगी.