आयकनवरचं कुंकू

आईचं कपाळ मी कापलं. मुद्दाम नाही, पण कापलं मीच.

अकोटला आई घरी पापड-कुरड्या करते. पार अंजनगावपर्यंत तिची गिऱ्हाइकं. ऑर्डरी विसरायला होतात म्हणाली, म्हणून अमरावतीतली नोकरी सांभाळून मी तिला एक वेब ॲप करून दिलं. आयकन म्हणून तिचाच फोटो टाकला. नाव वाचत बसायला नको, चेहरा दिसला की बायांनी बोट लावावं. एक फोटो दिला की पुढचं सगळं बिल्डमध्ये, म्हणजे संगणक ॲप नव्यानं बांधून काढतो तेव्हा, आपोआप व्हायचं. ब्राउझरच्या टॅबसाठी नखाएवढं चित्र, फोनसाठी मोठं, शिवाय ॲपचं नाव, रंग अन् चित्रांची यादी सांगणारी मॅनिफेस्टची फाइल. हात लावायचं कामच नाही, असं मी ऐटीत सांगत फिरायचो.

काही फोन चित्राच्या कडा कापून त्याला गोल करतात. त्यासाठी भोवती मोकळी जागा सोडावी लागते, ती मी सोडली नव्हती. माझ्या फोनवर चित्र चौकोनी दिसायचं. आईच्या फोनवर शेजारच्या बाईनं ॲप टाकून दिलं, ते मी पाहिलंच नाही.

त्याच आठवड्यात बाबांना अकोल्याला दवाखान्यात भरती केलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. आई त्यांच्याजवळ, मी अमरावतीत. सोमवारी तिचा फोन आला.

"बाबू, माह्या फोटोतलं कुंकू काहून पुसलं रे?"

मला काही कळेना. तिनं नर्सकडून स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. गोलात भुवयांपासून हनुवटीपर्यंत आई होती, वर कपाळ नव्हतंच. मला हसू आलं. ते हसणं आजही सलतं.

"पुसलं नाही वो आई, कापल्या गेलं. आपोआप होते ते."

"आपोआप कसं होईन? तुहे बाबा इथं असे पडून हायेत, अन् माह्या कपाळावर कुंकू नाही. आजच्या आज लाव."

लावलं. जागा सोडली, बिल्ड चालवलं, दोन मिनिटांत सगळ्या मापांची चित्रं नवी झाली. पण फोनवर बसलेलं आयकन लगेच बदलत नाही. फोन आपल्या सवडीनं, चार्जिंगवर अन् वायफायवर असला की नवीन घेतो. त्या दवाखान्यात कुठलं आलंय वायफाय! आई रोज सांगायची, "आलं नाही अजून." शेवटी मी म्हटलं, "ॲप काढून टाक अन् पुन्हा घे."

"माह्याच हातानं मी मले काढून टाकू काय?"

माझं डोकं सटकलं. "बाबांचं औषधपाणी पाय ना! त्या एवढ्याशा चित्रात काय ठेवलं आहे?" असं ओरडलो अन् फोन ठेवून दिला. अकोला दोन तासांवर. जाऊन तिच्या फोनवर मीच करून दिलं असतं, पाच मिनिटांचं काम. रविवारी येतो म्हणालो. शुक्रवारी सकाळी बाबा गेले.

चित्रामुळे गेले नाहीत, एवढी अक्कल मला आहे. पण शेवटचे चार दिवस आई त्या फोनकडे पाहून भीत होती, अन् ती भीती मला पाच मिनिटांत काढता आली असती. नाही काढली.

अकोटच्या घरी बायांनी तिचं कुंकू पुसलं. मी दारातच उभा होतो. नका पुसू म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. थू माझ्या शिक्षणावर.

त्या घरात ऑर्डरींसाठी मीच वायफाय बसवलं होतं. कोणीतरी तिचा फोन चार्जिंगला लावला असेल. तिसऱ्या दिवशी आई फोन घेऊन माझ्यापुढे आली. "पाय," म्हणाली.

नवं आयकन आलं होतं. पूर्ण कपाळ अन् त्यावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. मी फोन घ्यायला हात पुढे केला.

"थांब आई, आत्ता काढतो."

तिनं फोन छातीशी धरला. "राहू दे. कपाळावरचं बायांनी नेलं. इथलं तू नेऊ नको."

ॲप अजून चालू आहे. मी कुठं एक अक्षर दुरुस्त केलं तरी बिल्ड पहिल्यापासून चालतं, अन् दर वेळी आईच्या कपाळाला, सगळ्या मापांत, नव्यानं कुंकू लागतं.