समोरच्या बाजूची

माझी आत्या मोज्यांच्या कारखान्यात इस्त्री खात्यात होती. इस्त्री खातं म्हणजे एका लांब टेबलावर उलटे उभे केलेले पत्र्याचे पाय. ते आतून वाफेनं तापलेले असत. विणून आलेला मोजा ओढून त्या पायावर चढवायचा, सुरकुती हातानं सपाट करायची, वाफ लागली की झटक्यात काढायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा. त्या टेबलावर एकसारखे मोजे जुळवून जोड्या लावणारी बाई बसायची. तिला सगळे जोडीवालीच म्हणत. ती आत्याची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचा डबा एक, हसणं एक. सुपरवायझर वैतागून म्हणायचा, "या दोघींनाच आधी जोडीत बांधा."

मग कारखान्यात संप झाला. वाफेच्या खात्यात उन्हाळ्यात बायका चक्कर येऊन पडत होत्या, निदान पंखे तरी बसवा, एवढीच मागणी होती. आत्या पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर गेटबाहेर बसली. पण त्याच आठवड्यात माझ्या आजीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. हजेरी चालू असेल तरच कामगारांच्या दवाखान्यात घरच्यांवर उपचार व्हायचे. आत्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी खाली मान घालून, सगळ्यांच्या समोरून, गेटातून आत गेली. कुणाला काही सांगितलं नाही.

संप मिटला. पंखे आले. पण संपात पुढे पुढे असणाऱ्या काही जणांना कामावरून काढलं, आणि त्यांत जोडीवालीचा नवरा होता.

तिथून आत्याशी सगळ्यांनी अबोला धरला. तिचं नाव पडलं गेटवाली. तिनं मोजे सरकवावेत, जोडीवालीनं उचलावेत. मधे एक शब्द नाही. ती पाण्याच्या नळाशी गेली की बाकीच्यांची तहान भागलेली असायची. ती बाकावर बसली की बाक रिकामा व्हायचा. कुणी शिवी दिली असती तर बरं, असं ती नंतर म्हणायची. शिवीला उत्तर तरी देता येतं.

माझे वडील तिच्याहून मोठे. त्यांनी सांगून पाहिलं, "सोड ती नोकरी. दुसरी बघू."

"दुसरीकडे जाऊन काय करू दादा?" आत्या म्हणाली. "तोंड तर हेच घेऊन जाणार ना मी."

जेवणाच्या सुट्टीत डबा चार घासांत संपायचा आणि उरलेला वेळ खायला उठायचा. शाळेत असताना ती व्हॉलीबॉल चांगली खेळायची. एके दिवशी माळ्यावरचा जुना चेंडू तिनं पिशवीत घातला आणि कारखान्यामागच्या आवारात, रिकाम्या खोक्यांच्या पलीकडे, भिंतीवर मारत बसली. धप्प, धप्प. भिंत तेवढी बोलायची तिच्याशी. पुढे ते रोजचंच झालं. बाकीच्या बायका बॉयलरच्या खोलीशेजारी सावलीत बसत. त्यांनी नाकं मुरडली, पण कान तिकडेच असत.

थंडीतल्या एका दुपारी चेंडू भिंतीच्या कडेला लागून वाकडा उडाला आणि घरंगळत थेट बायकांच्या घोळक्यात गेला. जोडीवालीच्या पायाशी थांबला. तिनं तो उचलून मांडीवर घेतला. आत्या होती तिथेच उभी राहिली. जाऊन मागायचं धाडस होईना आणि पाठ फिरवून निघून जायचंही होईना.

जोडीवाली उठली. हातातली पोळी तिनं डब्यात ठेवली, दोन पावलं पुढे आली, चेंडू उंच उडवला आणि सगळा जीव एकवटून आत्याच्या छातीवर हाणला.

आत्यानं दोन्ही हात जोडून तो खालून उचलला. चेंडू वर गेला आणि पुन्हा जोडीवालीकडे आला. तिनं पुन्हा हाणला. आत्यानं पुन्हा उचलला. भोंगा होईपर्यंत हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी जोडीवाली डबा न उघडताच मागे आली. तिसऱ्या दिवशीही. आत्याचे हात कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक व्हायचे. आजी विचारायची, भाजलं का गं? आत्या म्हणायची, नाही, बरं वाटतंय.

"ती मला मारत होती," आत्यानं पुढे मला सांगितलं. "पण चेंडूनं मारत होती. म्हणजे मला परत देता येत होतं. गप्प बसलेल्या माणसाला काय परत देणार?"

हळूहळू बाकीच्यांनाही बसवेना. विणकामातली एक दांडगी बाई जोडीवालीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दोघींविरुद्ध एकटी, हे बरं दिसत नाही म्हणून पॅकिंगमधली एक मुलगी कुरकुरत आत्याच्या बाजूला आली. कुणीतरी पाण्याच्या पाइपापासून खिडकीच्या गजापर्यंत खोक्यांवरची दोरी जाळी म्हणून बांधली. आता खेळायचं म्हटलं की बोलावं लागतंच. "सोड, माझा," असं आत्या ओरडली आणि ती मुलगी बाजूला झाली. संपानंतर त्या कारखान्यात आत्याचं कुणीतरी ऐकलं, ते हे पहिलं.

सुपरवायझर खेळ बंद करायला म्हणून आला. नेमका तेव्हा चेंडू मातीत आखलेल्या रेषेवर पडला होता आणि दोन्हीकडून कल्ला चालला होता. त्यांनी त्यालाच विचारलं, आत की बाहेर? "आत," तो म्हणाला, आणि अडकला. त्या दिवसापासून पंच तोच.

एकदा बाजू बदलल्या आणि दोघी एकाच बाजूला आल्या. चेंडू बरोबर दोघींच्या मधे आला. दोघी धावल्या, आदळल्या आणि मातीत बसकण मारली. चेंडू कुठल्या कुठे. जोडीवाली आधी हसली. मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"तुझ्या आईचं ऑपरेशन होतं म्हणे तेव्हा. मला आता कुणाकडून तरी कळलं. सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली. तुला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"मी फार रागात होते."

"माहीत आहे," आत्या म्हणाली आणि बाह्या वर करून हात दाखवले. "रोज कळत होतं."

दोघी मातीत बसूनच राहिल्या, आणि पॅकिंगमधली मुलगी विचारत होती, खेळायचं आहे की नाही?

जोडीवालीच्या नवऱ्यानं नंतर ट्रक चालवायला घेतला आणि तो त्यात रमला. गेलं ते गेलंच, असं तो म्हणे, पण आत्याला पाहून त्यानं कधी तोंड फिरवलं नाही. आजी वारली तेव्हा आमच्या दोन खोल्यांत इस्त्री, विणकाम, पॅकिंग अशी सगळी खाती येऊन बसली होती. कुणी भांडी घासली, कुणी आल्यागेल्याचं पाहिलं. आत्या त्या गर्दीकडे बघत होती. दुःखाचा दिवस होता, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर मला काही वेगळं दिसलं. पुष्कळ वर्षांनी मी तिला ते विचारलं. ती म्हणाली, "मला वाटत होतं, किती श्रीमंत आहे मी. आणि हे सगळं जोडीवाली त्या दुपारी चेंडू घेऊन उठून उभी राहिली म्हणून. बसून राहिली असती तरी तिचं काही चुकलं नसतं."

आता कारखाना बंद झाला आहे. बायका निवृत्त झाल्या, पण आठवड्यातून एकदा जवळच्या शाळेच्या मैदानावर जमतात. उड्या मारणं सुटलं, भांडणं सुटली नाहीत.

गेल्या वर्षी आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात पोचले तर जोडीवाली माझ्या आधीपासून बसलेली. वाटीतली पेज गार करत होती आणि आत्याला दटावत होती, "पाय वाकव. लाड नकोत. तुझ्यावाचून आमच्याकडे एक माणूस कमी पडतंय."

नर्स कागद घेऊन आली. तिनं जोडीवालीला विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

जोडीवालीनं चमचा खाली ठेवून जरा विचार केला. "मी समोरच्या बाजूची," ती म्हणाली.

नर्सला काही कळेना. आत्या उशीत तोंड खुपसून हसत होती. शेवटी मीच म्हटलं, "बहीण लिहा."

नर्सनं लिहिलं. जोडीवालीनं पुन्हा चमचा उचलला.