वीणा हातात, कंत्राटदार पायाशी

भिवंडीला हौसेने कोणी जात नाही. मीही गेलो नाही. माझी धाकटी बहीण नंदा तिथल्या एका गावात दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, गोदामात मालाचा रॅक अंगावर कोसळून ठाण्याच्या दवाखान्यात आयसीयूत पडलेले. नातेवाइकांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग. ‘देव आहे.’ ‘सगळं त्याच्या हातात.’ एकाने तर त्याच दमात ‘शुभ सकाळ’ही उरकून घेतली. मी विचारलं, नंदा कुठे आहे? उत्तर आलं: गावात हरिनाम सप्ताह आहे, दाजींच्या पाळीला ती वीणा घेऊन उभी आहे.

नवरा मरणाच्या दारात आणि ही भजनात! तिला हाताला धरून दवाखान्यात नेऊन बसवायचं, एवढ्या एका हेतूने मी नाशिकहून गाडी काढली.

कधी जावंच लागलं तर सांगून ठेवतो. इगतपुरीला समृद्धीवर चढलात की आमण्यापर्यंत असा रस्ता, की सरकारबद्दल चांगलं बोलावंसं वाटतं. आमण्याला उतरलं की ती इच्छा आपोआप जाते. पुढे कंटेनरच्या मागे कंटेनर आणि खड्ड्यात खड्डा. पाणी सोबत ठेवा, आणि लघवी आमण्याच्या आधीच करून घ्या; नंतर संधी नाही. मानकोलीच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. शेजारच्या ट्रकवाल्याला विचारलं, “भाई, कितना टाइम लगेगा?”

“ऊपरवाला जाने,” तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

“उसको बोलो जल्दी करे.”

“वो भी इसी जाम में होगा, साहब.”

दिवसभरात देवाबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं समजूतदार वाक्य.

गाव वळ नावाच्या गावापुढे आहे, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेतं होती तिथे आता पत्र्याची गोदामं, आणि दोन गोदामांच्या मधल्या फटीत राहिलेलं ते गाव. देवळापुढे मांडव, मांडवात भोंगा, आणि भोंग्यासमोर माईकपाशी माझी बहीण. गळ्यात वीणा, कपाळाला बुक्का, डोळे सुजलेले. ‘राम कृष्ण हरी.’ मला पाहिलं, मान हलवली आणि पुढे चालू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही आणि नाम थांबत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. याला पहारा म्हणतात. इथली अर्धी माणसं गोदामावर पहारा करतात आणि उरलेल्या वेळात देवाचा.

मी चपला काढून बाजूला बसलो, धुमसत. तिचा दीर चहा घेऊन आला. “रॅकचे बोल्ट निघालेले,” तो हळूच म्हणाला. “दादा किती दिवस बोलत व्हता. कंत्राटदार बोलला, सीझन होऊन जाऊ दे, मंग बघू. त्या रॅकखालीच कामाला लावला त्याला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? नाम घेतो.”

मी कप खाली आदळला.

तेवढ्यात दवाखान्यात बसलेल्या नंदाच्या नणंदेचा दिराला फोन: पाय काळा पडतोय, आत्ताच ऑपरेशन करायचं म्हणतात, डॉक्टरांना आधी बायकोशी बोलायचंय, पाठवा. पुढच्या पाळीचा बाळाराम मानकोलीच्या जाममध्ये. जोडीला दोन म्हातारे: जनाआबा मृदंगावर, दुसरे गुडघ्यामुळे खुर्चीत बसून टाळ वाजवणारे. बाया स्वयंपाकात, बाप्ये शिफ्टवर.

“खाली ठेव ती!” मी ओरडलो. “नवरा मरतोय तुझा!”

नंदाने नाम थांबवलं नाही. सरळ माझ्यापुढे आली, वीणा गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. नाम जनाआबांनी उचललं.

“सकाळी त्यांना भेटून आले,” ती म्हणाली. “दिवसातून एकदाच तोंड दाखवतात. बाकी वेळ बाकड्यावर बसून भिंत बघायची. त्यापेक्षा इथं. तू धर, दादा. टेकू देऊ नको.” आणि दिराच्या मोटारसायकलवर बसून गेली. जाममधून तेवढीच वाट निघते.

मी. वीणेसकट. ज्याने गेल्या गणपतीत आरतीच्या वेळी फोनवर क्रिकेट पाहिलं, तो मी. जनाआबांनी बुक्का लावला आणि म्हणाले, “पाव्हणे, त्वांड उघडा. वीणा नुसती धरून न्हाय चालत.”

मी तोंड उघडलं. वर राम कृष्ण हरी आणि आत जे चाललं होतं ते सगळं इथे लिहिता येणार नाही. तू मालक ना? मग बोल्ट कोणाचे? काळजी तुझी, मर्जी तुझी, आणि पाय फक्त आमच्या दाजींचा? खांदा दुखायला लागला. आठवत नाही इतक्या वर्षांत मी देवाशी एवढा वेळ बोललो नव्हतो. आणि वीणा खाली ठेवून निघून जायची सोय नव्हती, म्हणून बोलतच राहिलो.

मग पांढरी गाडी आली. त्यातून हार, नारळ आणि पेढ्यांचे खोके उतरले, आणि त्यामागून कंत्राटदार. त्या दिवसाचा महाप्रसाद त्याच्याकडून होता. शिफ्ट सुटून पंगतीत बसलेले हमाल ‘कंत्राटदार आले’ म्हणत उठून उभे राहिले. तो रीतीप्रमाणे वीणेकऱ्याच्या, म्हणजे माझ्या, पायावर डोकं ठेवायला वाकला. माझे दोन्ही हात वीणेवर. पाय मागे घेतला, पण मागे खांब.

“तुम्ही नंदाताईंचे भाऊ ना?” तो उठत म्हणाला. “फार वाईट झालं. पण काय करणार, सगळी त्याची मर्जी. त्याच्यापुढे आपलं काय चालतं?”

“रॅकचे बोल्ट पण त्यानेच काढले का?”

माईक चालू होता, हे मला भोंग्यातून माझाच आवाज ऐकल्यावर कळलं. गावभर बोल्ट घुमला. पंगतीत वाढणारी बाई पळी घेऊन तशीच थांबली. कंत्राटदाराच्या हातातल्या नारळाचं काय करायचं ते त्याला सुचेना.

“अहो, देवाच्या दारात असं...”

“देवाच्याच दारात विचारतोय. दाजींनी सांगितलं होतं तुम्हाला. सीझन झाला का?”

जनाआबांचे हात मृदंगावर तसेच. मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याने टाळ वाजवला, एकदाच, आणि कोणाकडे न बघता मोठ्याने म्हणाला, “बोला, राम कृष्ण हरी!” आणि पंगतीतून जो आवाज उठला, त्यात नाम किती आणि राग किती, मला सांगता येणार नाही. पांढरी गाडी गेली. पेढे कोणी उघडले नाहीत.

बाळाराम आला तेव्हा ऊन कललं होतं. वीणा दिली आणि दवाखाना गाठला. नंदा त्या बाकड्यावरच होती. भोंग्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

“नामात खंड पाडलास,” ती म्हणाली. मग माझा दुखरा खांदा चोळायला लागली. “बरं केलंस.”

दाजींचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. जीव वाचला. रात्रभर दवाखान्यातच होतो. दुसऱ्या दिवशी परतताना भिवंडीच्या निजामपुऱ्यात थांबलो. तिथला खिमा-पाव खाऊन बघा. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात ऑर्डर ओरडून द्यावी लागते. माझ्या मनःस्थितीला ते फार सोयीचं पडलं.

घरी आलो तर ग्रुपवर ‘देवाची कृपा!’ मी लिहिलं, “आणि पाय?” खाली आणखी तीन जोडलेले हात आले. मग नंदाला फोन लावला आणि तेच विचारलं.

“मी पण कालपासून तेच विचारते देवाला,” ती म्हणाली. “रडते, भांडते. अजून काय बोलला न्हाय. पण दादा, मालक तोच हाय, म्हणून तर त्याच्याशी भांडते. हा कंत्राटदार मालक असता तर मी कधीच मेले असते.”

“आणि कंत्राटदार?”

“त्याला देवावर कशाला सोडू? उद्या पोलीस चौकीत जाते. पंगतीतले दोन हमाल आपणहून आले, साक्ष देतो बोलले. तू पण ये.”

माझा राग उतरलेला नाही. श्रद्धा वगैरे म्हणतात ती आली का, तेही ठाऊक नाही. पण पहाटे निघतोय. चौकीत काय सांगायचं ते पाठ आहे. देवाला काय सांगायचं ते अजून जुळत नाही. तेव्हा इगतपुरीला चांगला रस्ता लागेपर्यंत त्याच्याशी नुसता भांडणार आहे.