मौनीकाका आणि अस्वलं

ते लाकडी घर मला आधी ऐकू येतं, दिसतं नंतर. सकाळचं धुकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, बाहेरची झाडं असून नसल्यासारखी, आणि त्या सगळ्या पांढऱ्यातून एक आवाज उतारावरून खाली खाली जाणारा. थोडा घोगरा, कसलीच घाई नसलेला. मी पांघरुणात डोळे मिटून पडलेली असायची. चार शब्द कळायचे, मग डोळा लागायचा, मग परत दोन शब्द. तो आवाज माझ्या मावशीच्या नवऱ्याचा होता, आणि ते अस्वलांशी बोलत असायचे.

एरवी हा माणूस बोलायचा नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची, हे त्यांचं काम. गिऱ्हाईक समोर बसलं की "हे बरं, की आधीचं?" एवढंच विचारायचे, आणि त्यातच त्यांचे दिवसभराचे शब्द संपायचे. घरी येऊन हात धुवायचे, जेवायचे, पेपर उघडायचे. मावशी बोलायची, ते मान हलवायचे. आम्ही भाचरं त्यांना तोंडावर मौनीकाका म्हणायचो. त्यांनी कधी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायची तर बोलावं लागलं असतं! मावशी वैतागून म्हणायची, "भिंतीशी संसार केला असता तर निदान तिच्यात खिळा तरी ठोकता आला असता."

सुट्टी लागली की आमचं सगळं गणगोत डोंगरातल्या त्या घरी जायचं. तिथे खरीखुरी अस्वलं होती आणि ती घराकडे फिरकू नयेत म्हणून मावशीची शिस्त कडक होती. कचरा जाड कडीच्या लोखंडी पेटीत. साबण आणि टूथपेस्टसुद्धा त्याच पेटीत, कारण अस्वलाच्या नाकाला सगळा खाऊच वाटतो. खरकटी बशी अंगणात दिसली तर मावशी घर डोक्यावर घ्यायची. पाणी मात्र खालच्या झऱ्यावरून आणावं लागे, आणि ती वाट रानटी फळांच्या उंच झुडपांतून जायची. जंगलखात्याच्या रखवालदाराने बजावून ठेवलं होतं, "अस्वल मुद्दाम माणसाच्या वाटेला जात नाही. पण दचकलं तर खैर नाही. मोठ्यानं बोलत चला, ते आपलं बाजूला होतं."

आम्ही गाणी म्हणायचो, डबे बडवायचो. काकांवर पाण्याची पाळी आली तेव्हा त्यांची पंचाईत झाली. गाणं येत नव्हतं, डबे बडवायची लाज वाटत होती. मग बादली घेऊन ते निघाले आणि मोठ्याने म्हणायला लागले, "वजा दीड. वजा पावणेदोन. वजा दोन." आम्ही हसून हसून लोटपोट झालो. झऱ्यापर्यंत जायच्या आत चष्म्याचे नंबर संपले. आणि मग, दुसरं काहीच हाताशी नसल्यामुळे, काका बोलू लागले.

काय काय सांगायचे ते त्या झुडपांना! एका म्हातारीला नवा चष्मा लावला तर ती आधी स्वतःचे हातच बघत बसली. बायकोसाठी शाल आणली, तिला रंग आवडला नाही, तरी ती हिवाळाभर तीच पांघरून बसली. सासरे वारले तेव्हा बायकोजवळ नुसतं उभं राहिलो, काय बोलायचं ते सुचलंच नाही, अजूनही सुचत नाही. आवाज धुक्यातून वर यायचा आणि मावशी ओट्याजवळच्या खिडकीशी उभी राहून ऐकायची. हातातलं फडकं तसंच राहायचं. तिच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की मी लहान असूनही तिथून निघून जायची. एकदा तर मी तिला भरलेली बादली घरामागे ओतताना पाहिलं. आत येऊन ती म्हणाली, "अहो, पाणी संपलं वाटतं!"

अशी वर्षं गेली. आम्ही मोठे झालो, काकांनी दुकान सोडलं, आणि एका वसंतात अस्वलाने ती लोखंडी पेटी उचकटून पार व्हरांड्यात आणून टाकली. मावशीचा मुलगा, आमचा दादा, घाबरला. पोटी पोर असलेल्या माणसाने घाबरायलाच हवं. त्याने झऱ्यापर्यंत विजेच्या तारेचं कुंपण घातलं, पाइप टाकला, पंप बसवला, आणि स्वयंपाकघरात नळ आणला. अस्वलं खरंच फिरकेनाशी झाली. पाणी आणायचं कारण उरलं नाही. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी पेपर उघडला.

"आई, सुख आहे की नाही आता?" दादाने विचारलं.

"हो रे, फार छान केलंस," मावशी म्हणाली, आणि नळ सोडून उगाच धुतलेलाच कप परत धुवायला लागली. तिचा चेहरा इतका उतरला होता की दादाचा मला रागच आला, बिचाऱ्याची काही चूक नसताना.

सुट्टी संपत आली. एका सकाळी मी खाली झऱ्याजवळ पाइपाची गळती बघत होते. वर व्हरांड्यातून मावशीचा आवाज आला.

"पाणी आणता का?"

"नळ आहे की," काका म्हणाले.

"तो आहेच हो! तुम्ही कुठे आहात? इतकी वर्षं अस्वलांना सगळं सांगितलंत. मी काय त्यांच्याहून वाईट आहे?"

पाइपातलं पाणी माझ्या बोटांवरून वाहत होतं आणि मला वाटलं, संपलं, आता हा माणूस जन्मात तोंड उघडणार नाही.

"तू ऐकायचीस?"

"दर वेळी."

"समोर असलीस की जमत नाही गं मला. तुझ्या तोंडाकडे बघितलं की सगळं विसरतो."

"मग नका बघू. मी पुढे चालते, तुम्ही मागून या."

झुडपांत पावलं वाजू लागली. धुक्यातून मावशी दिसली, हात रिकामे, नजर सरळ समोर. तिच्या मागे काही अंतरावर काका. ते खाकरले, थांबले, परत चालू लागले. मी पाइप तसाच धरून बसून राहिले.

"मला भीती वाटते," काका म्हणाले. "माझ्याआधी तू गेलीस तर, याची. रोज वाटते. पेपर उघडून मी तेच बघत बसतो."

मावशी मागे वळली नाही. वळली असती तर ते गप्प झाले असते.

"बोला," ती म्हणाली. "मी आहे अजून."

आणि तिने चाल कमी केली.