डॉक्टर सांगत होते तेव्हा मी बोलत होते

माझ्या डोळ्यांना सिलिंडरचा नंबर होता. चष्मेवाले तसंच म्हणतात. बुबुळाची गोलाई एका बाजूने चेपलेली असली की तो येतो. सासूबाई मालवणच्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "गो बाय, डोळ्यात सिलिंडर? मगे शेगडी खंय आसा?"

हसा खुशाल. पण त्या नंबरापायी मला दिव्यांना मिशा दिसायच्या, चंद्राला कान फुटायचे आणि दहिसर चेकनाक्यावर एका बसच्या तीन बस व्हायच्या. एकदा त्यातल्या नसलेल्या बसला मी हात दाखवला, तर ती थांबलीसुद्धा. कंडक्टरने तिकीटही फाडलं. शेवटी नवरा म्हणाला, "बास झालं यार, लेझर करून टाक."

अंधेरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला ताठ बसवून बुबुळाच्या कडेला शाईचे ठिपके काढले. म्हणाले, "तुमच्या नंबरला कोन असतो. आडवं झालं की डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून या ठिपक्यांवरून कोन धरायचा. डोकं हललं तर काम बिघडेल. आत बोलायचं नाही."

बोलायचं नाही! मी! अहो, मी बाळंतपणाच्या कळा देताना डॉक्टरीणबाईंना कोळंबीच्या खिचडीची कृती सांगत होते. अर्धी सांगून झाली आणि लेक जन्मली. उरलेल्या अर्धीसाठी त्या बाई अजून फोन करतात.

टेबलावर आडवं केलं. एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्यात बधिर करणारे थेंब आणि पापण्यांना चिमटा, म्हणजे मिटायची सोयच नाही. भीतीने माझी जीभ जास्तच सुटली. डॉक्टर काहीतरी समजावत होते आणि मी नर्सला विचारत होते, "सिस्टर, हा कपडे वाळत घालायचा चिमटा तर नाही ना?"

"मॅडम, ऐकलंत ना मी काय म्हटलं?"

"हो, हो." कशाला हो म्हटलं, देव जाणे.

"मग आता एकदम गप्प."

डोळा हलू नये म्हणून त्यावर एक गोल कडी घट्ट बसली. दाब आला. कडेकडेने सगळं राखाडी झालं, आणि मग गेलंच.

डोळे मिटल्यावरचा अंधार मला ठाऊक आहे. त्यात लालसर काहीतरी हलत असतं. हा तसा नव्हता. माझा डोळा सताड उघडा होता आणि त्यात काहीच नव्हतं. इथे मी फुगवून सांगत नाही. फुगवायला तिथे काही उरलंच नव्हतं. गेला डोळा! मला नवरा आठवला नाही, कुलदैवत आठवलं नाही. बांगडा आठवला. आता त्याचे काटे चाचपून काढायचे, आणि लेकीच्या ताटातले कोण काढणार? ओरडावं तर कोन चुकणार. न ओरडावं तर डॉक्टरांना कळणार कसं, की बाई आंधळी झाली म्हणून? घशाशी आलेली किंकाळी मी दातांत धरून ठेवली.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता उजेड येईल, मघाशी सांगितलं तसा."

सांगितलं होतं?

धुक्यातून यावा तसा एक हिरवा दिवा परत आला. मग लेझर टकटकलं आणि जळक्या केसांचा असा वास सुटला, की वर्सोव्याच्या वाळत घातलेल्या बोंबलांनी नाक मुरडावं. तो माझ्याच डोळ्याचा वास होता. तरी मी हूं की चूं केलं नाही.

चिमटा निघाला. "दुसरा घेऊया?"

"डॉक्टर, त्या अंधाराचं पुन्हा सांगा. सगळं सांगा."

दाबामुळे नजर थोडा वेळ जाते, दाब काढला की परत येते, असं त्यांनी सांगितलं. शाळेत कधी ऐकलं नसेल इतकं मी कान देऊन ऐकलं.

दुसऱ्या डोळ्याला पुन्हा तोच काळोख. माहीत असूनही मी मनातल्या मनात बांगड्याचे काटे मोजायला लागले. मी इतकी गप्प झाले की डॉक्टरांचाच आवाज बदलला. "मॅडम? बऱ्या आहात ना? मॅडम!"

बोलायची तर बंदी. मी अंगठा वर केला.

"अहो, हात खाली! हलू नका!"

हात खाली घेतला, आणि उजेड येईपर्यंत तशीच पडून राहिले.